मागं मारणारी बंदूक

आमच्या आजरा भागात डुकरांचा त्रास काही आजचा नाही. भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर बसायचं, डबडी वाजवायची, शेकोट्या पेटवायच्या, हे माझ्या लहानपणापासून चालू आहे. दादांकडे आधी आजोबांची ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू किती घालायची हे दादाच ठरवायचे. बार कमी भरला की दणकाही कमी. शिवाय काळी दारू सावकाश जळते, त्यामुळं ती बंदूक खांद्याला ढकलायची, हाणायची नाही.

१९६८ साली त्यांनी जुनी एकनळी बारा बोअरची घेतली, काडतुसाची. वजनाला हलकी, डोंगर चढायला बरी, असं तिचं कौतुक झालं. त्या हलकेपणातच खोट होती. छरे पुढं जाताना जो धक्का देतात तेवढाच बंदुकीला मागं बसतो, आणि बंदूक हलकी असली की ती जास्त वेगानं खांद्यावर येते. पहिल्याच हंगामात दादांचा खांदा जांभळा पडला. आई मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. दादा म्हणायचे, "ही पुढं डुकराला मारती नि मागं मला."

खरं नुकसान वेगळंच झालं. दणक्याच्या भीतीनं दादा चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. कुणाला बोलले नाहीत. मी बॅटरी धरून शेजारी बसायचो म्हणून मला दिसलं. एका रात्री डुक्कर मागल्या पायाला लागून पळालं. तीन दिवसांनी ओढ्यात सडलेलं सापडलं. दादा तिथं बराच वेळ उभे होते. त्यानंतर बंदूक आढ्याला टांगली गेली.

हे सगळं परत वर आलं ते पेनसिल्व्हेनियात, मुलाकडं गेलो तेव्हा. त्याच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी राहतात. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, आणि वसंतातला टर्कीचा हंगाम पंधरा दिवसांवर. रानटी टर्की म्हणजे काही साधी कोंबडी नव्हे. जंगलतोड नि बेसुमार शिकार यांनी शंभर वर्षांपूर्वी हा पक्षी संपत आला होता. पुढं १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना देण्याचा कायदा झाला, पक्षी पकडून रिकाम्या रानांत नेऊन सोडले गेले, आणि आता ते साठ लाखांच्या आसपास आहेत. मारणाऱ्यांच्याच पैशातून पक्षी परत आला, हे ऐकून मी जरा गप्पच झालो.

टर्कीच्या अंगावर पिसांचं चिलखत असतं, म्हणून नेम फक्त डोक्या-मानेवर धरायचा. तेवढ्याशा जागेत पुष्कळ छरे बसावेत म्हणून काडतुसं वाढत गेली. १९८८ साली साडेतीन इंची बारा बोअर आलं. दादांच्या काडतुसात तीसेक ग्रॅम छरे असतील, ह्यात साठाच्या घरात! त्यात शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो, अंगाला मागं झुकायला जागाच नाही. सगळा मार खांद्यानं खायचा.

म्हातारबांनी उलटी वाट धरली. बोअरचा हिशेब असा, की एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसते ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस बोअर, म्हणजे नळी बारीक. त्यांनी वीसच्याही खाली जाऊन ४१० घेतली. आपल्याकडं हिला कुणी पोरखेळ म्हणालं असतं. पण हल्ली टंगस्टनचे छरे निघालेत, शिशापेक्षा दीडपट जड. दोन मिलिमीटरचा बारका छराही खोल जातो, आणि २३ ग्रॅममध्ये असे तीनशेच्या आसपास मावतात. काडतूस मात्र भयंकर महाग. म्हणून सरावाला त्यांनी साधी स्वस्तातली वापरली, आणि महागाची तीनच कागदावर झाडली, दहा इंचाच्या वर्तुळात किती छरे बसतात ते मोजायला. बोटानं एकेक भोक मोजत बसले होते. मग म्हणाले, "तीस पावलांच्या पलीकडं चाप ओढायचा नाही."

बंदूक हलकी आहे, हे मी बोललो. त्यांनी दस्त्याचं मागचं रबर काढून दाखवलं. आतल्या पोकळीत त्यांनी शिशाच्या छऱ्यांची पिशवी कोंबली होती, वजन वाढवायला. दादांना हे सुचलं असतं? आमच्या बंदुकीचा दस्ता भरीव लाकडाचा होता, पण कोरता आला असता.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या मागं ओकच्या बुंध्याशी बसलो. लाकडी डबीवर झाकण घासून त्यांनी मादीचा आवाज काढला. लांबून नरानं उत्तर दिलं, मग गप्प. पाऊण तास काही नाही. एकदम पन्नास पावलांवर तांबडं डोकं दिसलं. ते हलले नाहीत. चाळीस. तरी नाही. पक्षी मान उंच करून थांबला, परत चालू लागला.

बार झाला तेव्हा मी टर्कीकडं बघत नव्हतो, म्हातारबांच्या डोळ्यांकडं बघत होतो. उघडे होते.