संगमनेरच्या ताम्रपटांतील राजा



शिर्डीच्या उत्तरेस कोपरगांवाजवळून गोदावरी वाहते. नैर्ऋत्येस संगमनेरला प्रवरा आणि म्हाळुंगी एकत्र येतात. या मुलखावर हजार वर्षांपूर्वीं दुसरा भिल्लम यादव राज्य करीत होता. त्याच्या कुळाचें एक प्रमुख ठाणें सिन्नर. देवगिरीचें वैभव अजून पुष्कळ दूर होतें.

भिल्लमाचा काळ मोठा धामधुमीचा. यादव हे राष्ट्रकूटांचे मांडलिक, पण इ. स. 973 मध्यें चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली. अशा वेळीं लहान राजानें कोणाची बाजू धरावी, यावर त्याच्या कुळाचें भवितव्य अवलंबून असतें. भिल्लमानें तैलपाची कांस धरली. पुढें माळव्याचा परमार राजा मुंज दक्षिणेवर चालून आला. गोदावरी ओलांडूं नये, हा प्रधानाचा सल्ला त्यानें मानला नाहीं, अशी कथा मेरुतुंगानें नोंदविली आहे. मुंज पकडला गेला व मारला गेला. या युद्धांत भिल्लम तैलपाच्या बाजूनें लढला.

हें आपणांस कशावरून कळतें? संगमनेरास सांपडलेल्या शके 922, म्हणजे इ. स. 1000 मधील ताम्रपटावरून. कीलहॉर्न या जर्मन पंडितानें तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत भिल्लम स्वतःस महासामंत म्हणवितो. मुंजावरील जयाचा अभिमान बाळगतो, परंतु त्या जयाची लक्ष्मी आपल्या स्वामीच्या घरीं नांदते असें सांगतो. पराक्रम आपला, वैभव धन्याचें! मांडलिकाची सारी मर्यादा या एका वाक्यांत आली. मात्र लेखाचें मूळ प्रयोजन युद्धवर्णन नव्हे, दान हें होय. तें मिळालें विजयाभरणेश्वराच्या देवालयास. आणि ‘विजयाभरण’ हें भिल्लमाचेंच बिरुद.

याच सुमारास दूर आयर्लंडांत ब्रायन बोरू हा गेल लोकांचा राजा लहान घराण्यांतून अधिराजपदास चढला. इ. स. 1005 मध्यें त्यानें आर्मा येथील वेदीवर वीस औंस सोनें अर्पण केलें आणि तेथील धर्मग्रंथांत आपला उल्लेख ‘सम्राट’ असा करविला. 1014 मध्यें क्लॉन्टार्फच्या रणांत तो पडला. ती नोंद मात्र आजही आहे. भिल्लमाला सम्राट म्हणविण्याची मुभा नव्हती. यादवांस स्वतंत्र राज्य मिळालें तें पांचव्या भिल्लमाच्या वेळीं, 1187 च्या सुमारास. तरीही दोघांस एक गोष्ट उमगली होती : तरवारीनें मिळविलेलें टिकविण्यास लेखणी लागते.

भिल्लमाची कीर्ति आपणांपर्यंत आली ती कोणा तांबटाच्या भट्टींतून सुटलेल्या तांब्यामुळें. म्हणून आपल्या घरांत, देव्हाऱ्यामागें वा माळ्यावर, अक्षरें कोरलेला एखादा जुना पत्रा असेल, तर तो मोडींत घालण्यापूर्वीं जाणत्या माणसास अवश्य दाखवा. त्यांत एखाद्या राजाची सारी कारकीर्द असूं शकेल.