ॲबट्सफर्ड : एक घर, एक बाग व एक प्रार्थना

ज्युबिलीच्या वर्षीं मनुष्याची दृष्टि सहजच मागें वळते. आपलें देऊळ कोणाच्या पैशानें उभें राहिलें, हें जुन्या वह्यांवरून सांगतां येतें. पण तें कोणाच्या प्रार्थनेनें उभें राहिलें, हें कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. या विचारास पुष्टि देणारा स्कॉटलंडांतील एका घराचा इतिहास येथें धर्मग्रामस्थांपुढें ठेवितों.

हरिभाऊ आपटे यांनीं मराठींत रुजविलेल्या ऐतिहासिक कादंबरीचा पाया ज्यांनीं युरोपांत घातला, त्या सर वॉल्टर स्कॉट यांचें हें घर. १८११ सालीं त्यांनीं ट्वीड नदीच्या कांठीं एक लहानसें शेत घेतलें व १८२४ पर्यंत तेथें हा वाडा पुरा केला. जवळच ११३६ सालीं स्थापन झालेला मेलरोझचा मठ आहे. तेथील संन्यासी येथून नदी उतरत, म्हणून ‘मठाधिपतीचा उतार’ अशा अर्थाचें नांव स्कॉट यांनीं घरास दिलें. स्वतः ते प्रॉटेस्टंट. आपल्या धर्माविषयीं त्यांचें मत अनुकूल नव्हतें. परंतु त्या भग्न मठांच्या दगडांवर त्यांचें प्रेम होतें.

दाराशींच मायडा या त्यांच्या लाडक्या कुत्र्याचा दगडी पुतळा आहे. आंत जुनीं शस्त्रें व चिलखतें मांडलेलीं असून पुढें अभ्यासिका व हजारों ग्रंथांचें ग्रंथालय लागतें. बाहेर भिंतींनीं वेढलेल्या तीन बागा म्हणजे जणूं छप्पर नसलेले दिवाणखानेच. त्यांपैकीं एक फुलांची व भाजीपाल्याची असून तींत कांचघर आहे.

या वैभवावर १८२६ सालीं घाला पडला. छापखाना व प्रकाशक बुडाले आणि स्कॉट यांच्या शिरीं एक लक्ष वीस हजार पौंडांहून अधिक कर्ज आलें. त्याच वर्षीं पत्नीहि निवर्तली. तरी दिवाळें न काढतां त्यांनीं लेखणीच्या बळावर कर्ज फेडावयास घेतलें आणि त्यांत शरीर झिजविलें. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं याच घरांत, उघड्या खिडकींतून ट्वीडचा खळखळाट ऐकूं येत असतां, त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत एक तरुण अँग्लिकन धर्मोपदेशक त्यांच्यासाठीं सतत प्रार्थना करीत होता. बालपणापासून तो त्यांचा वाचक. त्याचें नांव जॉन हेन्री न्यूमन.

न्यूमन १८४५ सालीं कॅथलिक झाले. पुढें १८५१ सालीं स्कॉट यांच्या नातीचे पति जेम्स होप हेहि कॅथलिक झाले व त्यांच्या पत्नीनेंहि तोच मार्ग धरिला. १८५२ च्या डिसेंबरांत, अब्रूनुकसानीच्या खटल्यांतील शिक्षेची वाट पाहत असलेले न्यूमन याच घरीं विश्रांतीस आले. १८५३ सालीं घर नातीकडे आलें. नंतर तेथें चॅपेल बांधण्यांत आलें. ज्या वाटेनें पूर्वीं मठवासी जात, तेथें पुन्हा मिस्सा होऊं लागली. १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं न्यूमन यांस संतपद मिळालें.

प्रार्थनेचें फळ कोणतें, हें ठरविणें आमचें काम नव्हे. तो हिशेब देवापाशीं. स्कॉट मरेपर्यंत प्रॉटेस्टंटच राहिले. पण दुसऱ्यासाठीं हात जोडण्यास न्यूमन यांनीं परवानगी विचारली नाहीं, फळाची वाटहि पाहिली नाहीं. आपल्या देवळाचे कित्येक उपकारकर्ते आज कबरस्थानांत आहेत. कांहीं तर आपल्या धर्माचेहि नव्हते. ज्युबिलीच्या मिस्सेंत त्यांचें स्मरण करूं या.