कालच्या गोळ्यातले खमीर

गेल्या वर्षी उपवासकाळात मी पहिल्यांदाच घरी पावाचे खमीर करायला घेतले. काचेच्या बरणीत मूठभर बेदाणे, वर कपभर उकळून गार केलेले पाणी, झाकण सैल. आठवडा झाला तरी पाणी जसेच्या तसे. चूक बेदाण्यांची होती. ते पिवळे, चकचकीत आणि गंधकाची धुरी दिलेले होते. धुरीने रंग टिकतो, पण सालीवरचे यीस्ट तग धरत नाही. यंदा साध्या काळ्या मनुका घेतल्या. बरणी रोज एकदा हलवली. तिसऱ्या दिवशी मनुका वर तरंगू लागल्या. चौथ्या दिवशी बुडबुडे आले आणि माडीसारखा आंबूस वास सुटला. पाणी गाळून त्यात कणीक कालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुगून आली होती.

बरणीकडे पाहताना मनात आले, मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या त्या स्त्रीने खमीर कुठून आणले असेल?

आपल्या घरांत याचे उत्तर दह्याच्या भांड्यात आहे. विरजण बाजारातून आणत नाहीत. कालच्या दह्यातले चमचाभर राखून ठेवतात आणि संपले तर शेजारणीकडे वाटी घेऊन जातात. खमिराचेही तसेच होते. रोमन लेखक प्लिनी याने इ.स. ७७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात खमिराच्या रीती नोंदवल्या आहेत. द्राक्षांच्या हंगामात भरड धान्याचे पीठ ताज्या द्राक्षरसात मळून ठेवत. ते वर्षभर पुरे. गव्हाचा बारीक कोंडाही द्राक्षरसात मळून, उन्हात वाळवून, त्याच्या वड्या करून ठेवत. पण बहुतेक लोक आदल्या दिवशीचा थोडा गोळा राखून ठेवतात आणि तोच वापरतात, असे तो सांगतो. म्हणजे मनुकांची माझी बरणी काही नवी नाही. द्राक्षाच्या सालीवरचे अदृश्य जीव पिठात कामाला लावण्याची युक्ती पहिल्या शतकातल्या लोकांना ठाऊक होती. ते जीव काय आहेत आणि काय करतात, हे मात्र एकोणिसाव्या शतकात पाश्चर यांच्या प्रयोगांनंतर उलगडले.

आपल्या जवळच्या गोव्यातही हेच घडले. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या सवयीचे खमीर इथे नव्हते. पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ फुगवले. द्राक्षाऐवजी माड आला, पण काम तेच.

येशूच्या दाखल्यातली स्त्री तीन मापे पिठात खमीर लपवते. जुन्या मापांचे हिशेब वेगवेगळे आहेत, तरी हे पीठ दहा-बारा किलोंपेक्षा कमी भरत नाही. काहींच्या मते ते वीस किलोंच्याही वर जाते. एका घराला एवढ्या भाकरी लागत नाहीत. ती सगळ्या गावासाठी मळत होती आणि तिच्या हाती होता तो कालचा लहानसा गोळा.

पण पवित्र शास्त्रात खमिराची दुसरी बाजूही आहे. वल्हांडणाच्या वेळी सात दिवस घरात खमीर ठेवायचे नाही, असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. दरवर्षी जुनी साखळी तुटायची आणि पीठ पुन्हा पहिल्यापासून आंबवावे लागायचे. त्याच सणाच्या भाषेत पौल करिंथकरांना लिहितो की जुने खमीर काढून टाका आणि नवा गोळा व्हा. मग कालचे जपायचे की टाकायचे?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात याचे सुंदर उत्तर सापडते. पाचव्या शतकात रोममध्ये पोप रविवारी मिस्सा अर्पण करीत, तेव्हा शहरातल्या इतर मंदिरांतले धर्मगुरू आपापल्या लोकांना सोडून तिथे येऊ शकत नसत. म्हणून पोप अभिषिक्त भाकरीचा तुकडा सेवकांच्या हाती त्या मंदिरांत पाठवीत. त्या तुकड्याला लॅटिनमध्ये ‘फर्मेंतुम’, म्हणजे खमीर, असे नाव होते. पोप पहिले इनोसंट यांनी इ.स. ४१६ मध्ये गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात याचे कारण दिले आहे: त्या दिवशी कोणालाही आपण एकमेकांपासून वेगळे पडलो आहोत असे वाटू नये. मंदिरे अनेक, पण खमीर एकच.

पूर्वेकडच्या सिरियन परंपरेत तर हे आजही चालू आहे. केरळातल्या त्रिशूरची खाल्डियन सिरियन ख्रिस्तसभा त्याच परंपरेतली. तिथे मिस्साच्या भाकरीच्या पिठात चिमूटभर ‘मलका’, म्हणजे ‘राजा’ नावाचे पवित्र खमीर घालतात. प्रभूच्या शेवटच्या भोजनातल्या भाकरीशी त्याचे नाते आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. पवित्र गुरुवारी उरलेल्या जुन्या मलकात नवे पीठ मिसळून ते ताजे करतात. जुने टाकून देत नाहीत आणि जुन्यावरच भागवतही नाहीत.

मला वाटते, उत्तर इथेच आहे. टाकायचे ते मनातले हेवेदावे, ढोंग आणि अहंकार. येशू परूश्यांच्या खमिराविषयी सावध करतो ते यासाठीच. जपायचे ते आजीने शिकवलेली रोजरीची माळ, संध्याकाळची प्रार्थना, शेजाऱ्याच्या मयताला धावून जायची सवय. आमच्या पॅरिशमध्ये कोणी मराठीत प्रार्थना करतो, कोणी कोकणीत, कोणी कन्नडमध्ये. भाषा वेगळ्या, मिस्साच्या वेळा वेगळ्या. पण या सगळ्यात कालचा तोच गोळा आहे. तो प्रत्येक पिढीला आपल्या पिठात मळून घ्यावा लागतो. नुसता राखून ठेवला तर तो सुकतो.

खमिराचा एक नियम बरणीने मला शिकवला. ते जिवंत ठेवायचे तर दर खेपेला त्यातले निम्मे काढावे लागते आणि उरलेल्यात नवे पीठ-पाणी घालावे लागते. काढलेले निम्मे टाकायचे माझ्या जिवावर आले. ते मी एका छोट्या बरणीत घालून शेजारी दिले. या पुनरुत्थान सणाला दोन घरांत पाव फुगले.

प्रभो, आमच्यातले जुने खमीर काढून टाक. तू लपवलेले खमीर आमच्याकडून वाया जाऊ देऊ नकोस. आमेन.