वाहनमुक्त सायकलमार्ग, सोलापूर जिल्हा
फ्रान्समधील असे ग्रामीण मार्ग मुख्यतः बंद लोहमार्गांवर आणि कालव्यांच्या काठांनी झाले. बर्गंडीतील झिव्री–क्ल्युनी (१९९७) हा त्यांतला आद्य. सोलापूरकडे १८९७ची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ७६२ मिमी रुंदीची बार्शी लाइट रेल्वे होती. पण कुर्डुवाडी–पंढरपूर पट्टा ओसाड न पडता ब्रॉडगेज झाला, आणि वारकऱ्यांच्या दृष्टीने तेच बरे. उरतो तो उजनीच्या कालव्यांवरचा सेवारस्ता. कालवा अगदी मंद उताराने वाहतो, त्यामुळे त्याच्या काठाने चढ फारसा लागत नाही. तिथेही उसाचे ट्रॅक्टर येतात, हा आक्षेप रास्त आहे; मात्र ती वर्दळ गळीत हंगामापुरतीच. अवघड आक्षेप वेगळाच: हंगाम संपतो तेव्हाच उन्हाळा तापतो. जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने जून ते सप्टेंबर हा काळ सायकलीला सोयीचा ठरतो, फक्त काळ्या मातीवर मुरूम हवा.