मिन्स्कच्या मोटरसायकलीचें मूळ

पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम शेवटचें पान उलटतों. लेखक कोण, शक कोणता, कोणत्या प्रतीवरून उतरली, हें पुष्पिकेंत सांपडतें. पण मूळ नांव खरवडून तेथें दुसरें घातलेलें असेल तर पाठावरूनच कुळ ठरवावें लागतें. यंत्रांसही ही रीत लागू पडते. मिन्स्क येथील मोटरसायकल व सायकल कारखान्याचा इतिहास पाहतांना आम्हांस तिचाच आश्रय करावा लागला.

मिन्स्क ही बेलारूसची राजधानी. १९४४ च्या जुलैंत ती जर्मनांच्या हातून सुटली तेव्हां शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झालेला होता. पुढच्याच वर्षीं तेथें सायकलींचा कारखाना काढण्याचें ठरलें व १९४७ सालीं सायकली बाहेर पडूं लागल्या. मोटरसायकल आली ती १९५१ सालीं, आणि तीहि मॉस्कोहून. तेथें १९४६ पासून 'मॉस्क्वा एम्-१-ए' नांवाची हलकी गाडी होत असे, तिचें काम मिन्स्ककडे सोंपविण्यांत आलें. टांकीवरचें 'मॉस्क्वा' जाऊन 'मिन्स्क' झालें. तेव्हां मूळ मॉस्कोचें म्हणावें काय ?

येथें पाठ तपासला पाहिजे. नळकांड्याचा व्यास ५२ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५८, म्हणजे आकारमान सुमारें १२३ घनसेंटिमीटर. दोन धांवांचें एंजिन, तीन गिअर. हींच मापें जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत, च्शोपाउ येथील डी. के. डब्ल्यू. कारखान्याच्या १९३९ च्या 'आर्. टी. १२५' गाडीचीं. दट्ट्याचा माथा सपाट ठेवून ताजा वायु दोन बाजूंनीं आंत सोडावयाचा व जळका बाहेर लोटावयाचा, ही श्न्यूर्ले यांची युक्ति. तिचे हक्क त्या कारखान्यानें १९३२ सालीं मिळविले होते. इतकीं अंगें जुळलीं म्हणजे योगायोग म्हणण्यास जागा उरत नाहीं. युद्ध संपतांच च्शोपाउचीं यंत्रें रशियनांनीं नुकसानभरपाई म्हणून उचलून नेलीं, हें प्रसिद्धच आहे.

नकला करणारे रशियनच होते असें मात्र नव्हे. इंग्लंडांत बी. एस्. ए. ची 'बॅन्टम' १९४८ सालीं निघाली. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननें याच सुमारास आपली १२५ काढली. जपानांत यामाहाची पहिली गाडी, १९५५ ची 'वाय्. ए. १', याच कुळांतली. बॅन्टमची प्रत मौजेची आहे : सर्व अंगें आरशांतल्याप्रमाणें उलटीं, कां कीं इंग्रज स्वारास गिअर उजव्या पायाशीं लागे. मिन्स्कच्या प्रतींत असा पालट नाहीं. ती मूळ पाठाला अधिक धरून आहे. आमच्याकडील 'राजदूत' पोलंडच्या एस्. एच्. एल्. चा परवाना घेऊन निघे, आणि त्या घराण्याची युद्धोत्तर १२५ हीहि आर्. टी. च्याच वळणाची. तथापि राजदूत १७५ ची. तेवढ्यावरून तिला या वंशांत बसविण्यास आम्ही धजत नाहीं.

जाळलेल्या शहरानें जाळणाऱ्याच्या देशांतली गाडी घेतली, यांत आम्हांस चोरी दिसत नाहीं. खटकतें तें निराळेंच. आर्. टी. चा मूळ कर्ता हेर्मान वेबर यास युद्धानंतर सोव्हिएट देशांत नेण्यांत आलें, आणि १९४८ सालीं तो तेथेंच वारला. त्या वेळीं त्याचीच गाडी त्याच देशांत 'मॉस्क्वा' म्हणून रस्त्यावर धांवत होती. टांकीवर राजधानीचें नांव, कर्त्याचें कोठेंच नाहीं. नांव खरवडलेल्या पोथीहून हें निराळें कसें समजावें?

पाठ मात्र टिकला. मिन्स्कनें सांगाडा बदलला, पुढें चार गिअर दिले, तरी ५२ व ५८ हीं मापें अनेक दशकें हलविलीं नाहींत. या गाड्या परदेशीं गेल्या; व्हिएटनामच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत तर लोकांनीं तिला 'म्हातारी म्हैस' असें नांव दिलें. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला. कारखाना 'मोटोवेलो' म्हणून पुढें चालला व अखेरीस दिवाळ्यांत निघाला. त्या डोंगरांत आजहि कोणी जुन्या मिन्स्कचें नळकांडें उघडून माप लावील, तर त्यास वेबरचाच आंकडा मिळेल.