औषधी गांजाचा परदेश प्रवास : मुंबई बंदर ते विमानतळ

नाहूरला हा विषय घ्यायचं आम्ही ठरवलं ते एका प्रश्नामुळे. मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरत असताना एक काकू थांबल्या. कॅन्सरच्या उपचारानंतर मागे राहिलेल्या दुखण्यावर वैद्यांनी त्यांना विजयाचं तेल दिलंय, त्यानं रात्री झोप लागते. मुलगा सिंगापूरला असतो, त्याच्याकडे महिनाभर जायचंय. "बाटली बॅगेत टाकली तर चालेल ना? चिठ्ठी आहे की माझ्याकडे."

आम्ही त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, काकू, नाही चालणार. पण चिठ्ठी खरी, औषध खरं, दुखणं तर त्याहून खरं. मग का नाही चालणार? याचं उत्तर इतिहासात आहे आणि त्या इतिहासात आपली मुंबई आहे.

औषध म्हणून गांजा बरोबर घेऊन विलायतेला गेलेला एक नामांकित प्रवासी म्हणजे डॉ. विल्यम ओशॉनेसी. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवायचे. (हिंदुस्थानात तारायंत्र आणलं तेही यांनीच. माणूस एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता.) संधिवात, धनुर्वात, लहान मुलांचे झटके अशा रुग्णांवर त्यांनी गांजाचा अर्क वापरून पाहिला आणि १८३९ मध्ये निष्कर्ष मांडले. पुढे १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला रजेवर इंग्लंडला जाताना माल बरोबर नेला. लंडनचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्याचा अर्क बनवला. त्या काळी कुणी परवाना विचारला नाही, कारण असा परवाना जगात अस्तित्वातच नव्हता.

मग हे औषध ब्रिटिश औषधकोशात गेलं, आणि कोशानं अट घातली की झाड हिंदुस्थानात वाढलेलं हवं. आता बघा, लंडनच्या औषधबाजारात जो चपटा, दाबलेला गांजा यायचा त्याला 'मुंबईचा गांजा' म्हणूनच ओळखत. नगर जिल्ह्यात रीतसर लागवड होती, तिच्यावर सरकार कर घेत होतं. १८९३ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगानं देशभर हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको असं म्हटलं. आज ज्या वस्तूसाठी विमानतळावर बेड्या पडतात, तीच आपल्या बंदरातून औषध म्हणून उजळ माथ्यानं जात होती.

बिनसलं कुठे? १९२५ साली जिनिव्हाला अफूविषयक परिषद झाली, तिथे इजिप्तनं हशीशचा प्रश्न लावून धरला. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधींनी इथल्या सामाजिक आणि धार्मिक चालीरीतींचा मुद्दा काढला, पण करार झाला. परदेशी जाणाऱ्या मालाला आयात दाखला आणि निर्यात परवाना आला. हे कागद कुणासाठी होते? पेट्यांसाठी! एका देशातला व्यापारी दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल पाठवतो, त्यासाठी. खिशात आपलं औषध घेऊन निघालेला आजारी माणूस त्या कागदांच्या हिशेबातच नव्हता. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशानंही गांजा वगळला. दर खेपेला ताकद वेगळी, पाण्यात विरघळत नाही, सुईनं देता येत नाही, आणि तोवर नवी औषधं हाताशी आली होती.

१९६१च्या करारानं हीच व्यवस्था पक्की केली. प्रवासात वापरायच्या औषधांसाठी त्यात एक खास कलम आहे खरं, पण ते जहाज-विमानातल्या प्रथमोपचार पेटीपुरतं! रुग्णाच्या पिशवीसाठी तसं कलम नाही. त्यामुळे जो तो देश आपापलं ठरवतो. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी अशा प्रवाशांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती बंधनकारक नाहीत. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून डॉक्टर हे औषध लिहून देऊ शकतात. कॅनडात तर दुकानात मिळतं, पण सीमेपलीकडे नेणं वा आणणं गुन्हाच, चिठ्ठी असली तरी.

त्याच करारात पानाला वगळलेलं आहे, शेंड्याचा फुलोरा तेवढा गांजा. आपल्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यातही तीच व्याख्या आहे. म्हणून भांग सुटली, म्हणून पानांपासून केलेली विजयाची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या देखरेखीखाली मिळतात. पण करारानं देशांना जास्त कडक होण्याची मुभाही दिली. सिंगापूरच्या कायद्याला पान की फूल याच्याशी कर्तव्य नाही. पाचशे ग्रॅमच्या वर गांजा आणला तर तिथे फाशी आहे. काकूंची बाटली तेवढी नाही, हे कबूल. पण गुन्हा व्हायला थेंबही पुरतो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण मुलुंड-भांडुपकडच्या कितीतरी घरांतली मुलं बाहेर आहेत. तिकडे चिठ्ठीवर मिळालेला गांजा किंवा त्याच्या अर्काच्या गोळ्या घेऊन मुलगा मुंबईत उतरला, तर त्याला आपलाच कायदा लागतो. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात. त्यालाही वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. पण त्या मतानं आपल्या विमानतळावरची कलमं बदलली नाहीत.

काकूंना आम्ही एवढंच सांगितलं. बाटली घरी ठेवा. तिकीट काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा, महिनाभरासाठी दुसरं काय देता येईल ते विचारा. मॉर्फीनसारखं कडक औषध लिहून दिलं तर त्यासाठी सिंगापूरच्या आरोग्य प्राधिकरणाकडे आधी अर्ज करून मंजुरी मागता येते. तो अर्ज मुलाला भरायला लावा. वही काढून त्यांनी ते टिपून घेतलं, आणि मग विचारलं, "तेलानं लागते तशी झोप लागेल का हो त्यानं?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ते त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचं.