तळटीप : ‘नांगर आत घेऊन पक्का बांधला’

लेखकाने पाच शब्दांत उरकलेले हे काम शिडाच्या छोट्या बोटीवर फार जिकिरीचे असते. वेळापूरसारख्या आतल्या गावच्या वाचकाला समुद्र दूर असला, तरी या नांगराची घडण ओळखीची वाटेल. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1933 साली बनवलेला हा नांगर शेतातल्या दुतर्फी फाळासारखाच दिसतो. ओढ बसली की तो तळाच्या वाळूत-चिखलात रुततो. दांडा आणि फाळ यांच्यामध्ये बिजागरी असल्यामुळे मात्र तो कुठेच सपाट बसत नाही, आणि सैल राहिला तर प्रत्येक लाटेसरशी आपटून बोटीचे अंग फोडतो.

किनाऱ्यालगत तो नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) रुळावर ओढून घेतात, दांड्यात खीळ घालतात आणि वर दोरीचे वेढे देतात. केवळ साखळीच्या ताणावर त्याला कधीच सोडू नये. लांबच्या सफरीत नाळेवरचे वजन घातक ठरते, कारण बोट लाटेत तोंड खुपसते. म्हणून साखळी सोडवून नांगर बोटीच्या मध्यभागी, शक्य तितका खाली, गोणपाटात गुंडाळून बांधतात. साखळीचे भोकही बुजवतात, नाहीतर तेथून पाणी आत शिरते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून दर्यावर्दी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत त्यांनी फक्त चार बंदरे घेतली. अशा सफरीत नांगराला आठवडेच्या आठवडे काम नसते, म्हणून पुढे वादळाचे प्रकरण वाचताना ही बांधणी ध्यानात ठेवावी. — संपादक